जकातीचे देणे

मराठी वाचकाला 'जकात' म्हटले की आधी नाका आठवतो. शहराच्या वेशीवर थांबलेले ट्रक, हातात बिले घेऊन खिडकीशी उभे असलेले क्लीनर, आणि त्या वसुलीवर चालणाऱ्या महानगरपालिका. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली. शब्द मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. अरबीतून फारसीत, फारसीतून सुलतानी दप्तरात आणि दप्तरातून मराठीत येताना त्याचा धार्मिक अर्थ गळून पडला, पण 'द्यावेच लागते असे काहीतरी' हा अर्थ टिकला. त्याच वाटेने आलेल्या 'खैरात' या शब्दाचे उलटे झाले. 'खैर' म्हणजे भले. मराठीत खैरात म्हणजे मागचापुढचा विचार न करता वाटून टाकलेले. एक शब्द बांधिलकीचा, दुसरा मर्जीचा. इस्लाममधल्या देण्याविषयी आपल्याकडे जे वाद होतात, ते बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. ते तपासून घेण्यासाठी जुन्या शास्त्रचर्चेची रीत वापरतो. पूर्वपक्ष आधी बोलेल, उत्तरपक्ष नंतर. पूर्वपक्षातली व्यक्ती कल्पित आहे, पण तिचे आक्षेप कल्पित नाहीत. ते विचारी हिंदूंकडून येतात तसेच विचारी मुसलमानांकडूनही येतात. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : तुम्ही शब्दापासून सुरुवात केलीत, मी माणसांपासून करतो. एप्रिल २०२३ मध्ये, रमजान संपत आला असताना, येमेनच्या सना शहरात काही व्यापारी रोख मदत वाटत होते. एका शाळेत शेकडो माणसे जमली, चेंगराचेंगरी झाली आणि किमान ७८ जण मेले. माणशी मिळणार होते सुमारे पाच हजार येमेनी रियाल, म्हणजे आपले जेमतेम सातआठशे रुपये. याला केवळ अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. जिथे देणाऱ्याला सवाब, म्हणजे पुण्य, हवा असतो आणि घेणारा त्या सवाबाचे साधन असतो, तिथे रांग लागणारच, कारण रांग जितकी लांब तितका दाता मोठा. त्यातून ही जकात ठरलेली, शेकडा अडीच, आणि बुडवली तर परलोकी शिक्षा. भीती आणि लोभ यांच्या कात्रीत सापडलेला माणूस जे देतो त्याला तुम्ही करुणा म्हणणार का? दान आतून यावे लागते. हुकमाने काढून घेतलेल्या पैशाला कर म्हणा, विमा म्हणा. दान म्हणू नका.

उत्तरपक्ष : दान म्हणू नका, हे तुमचे म्हणणे मी मान्यच करतो, आणि माझा सगळा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो. मराठीत 'देणे' या एकाच शब्दात देण्याची क्रिया आणि फेडायचे कर्ज असे दोन्ही अर्थ आहेत. जकात दुसऱ्या अर्थाने देणे आहे. कुराणात दोन ठिकाणी, ५१व्या आणि ७०व्या सूरेत, श्रद्धावंतांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक्क' असल्याचे सांगितले आहे. ७०व्या सूरेत तर तो 'ठरलेला हक्क' आहे. म्हणजे जकातीची रक्कम देणाऱ्याच्या तिजोरीत असली तरी ती त्याची नव्हेच. वर्ष उलटले आणि शिल्लक ठरावीक मर्यादेच्या वर राहिली, की चाळीसावा हिस्सा दुसऱ्याचा झाला. सावकाराचे पैसे फेडणाऱ्याला कोणी उदार म्हणत नाही, आणि पैसे परत घेणारा मान खाली घालून उभा राहत नाही. पैगंबरांच्या मृत्यूनंतर, ६३२ साली, काही टोळ्या म्हणाल्या की आम्ही नमाज पढू, पण जकात देणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याशी युद्ध केले. त्या युद्धांची कठोरता आजच्या मनाला रुचणार नाही, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: पहिल्या पिढीने जकातीकडे दात्याच्या मनाच्या उमाळ्याचा प्रश्न म्हणून पाहिले नाही. उमाळ्यासाठी 'सदका' हा वेगळा, ऐच्छिक प्रकार होताच. उमाळा आटला तरी गरिबाची चूल पेटली पाहिजे, म्हणून जकात.

या नियमांचा तपशील पाहिला की तो किती जमिनीवरचा आहे हे कळते. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. पाणी ओढून पिकवले असेल तर विसावा. आपल्या भाषेत जिरायताला दहावा, मोटेच्या बागायताला विसावा, कारण बागायतदाराचा घाम आधीच खर्ची पडला आहे. ९व्या सूरेतल्या ६०व्या आयतीत घेणाऱ्यांचे आठ वर्ग दिले आहेत: फकीर आणि मिस्कीन (हे दोन्ही गरिबांचे वर्ग), जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले काम, आणि वाटेत अडकलेला प्रवासी. कर्जदाराचा वेगळा वर्ग करणारी ही यादी सातव्या शतकातली आहे. त्यातला तिसरा वर्ग तर तुमच्या सनाच्या उदाहरणाचेच उत्तर आहे. गोळा करून पोचवणाऱ्याला पगार जकातीतूनच मिळतो, याचा अर्थ पैसा गरिबाच्या दारी जाणे अपेक्षित आहे, गरिबाने दात्याच्या फाटकाशी येणे नव्हे. आणि दिल्यावर उपकार बोलून दाखवले किंवा घेणाऱ्याचे मन दुखावले, तर दिलेले व्यर्थ जाते, असे दुसऱ्या सूरेत स्पष्ट बजावले आहे. सनामध्ये देण्याची सक्ती जास्त झाली म्हणून माणसे मेली नाहीत. हक्काच्या पैशाची खैरात झाली म्हणून मेली.

पूर्वपक्ष : ही नेहमीची युक्ती झाली. दोष दाखवला की 'तो खरा इस्लाम नव्हे' म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. पण ती सोडून देतो, कारण याहून मोठा प्रश्न पुढे आहे. गरिबाचा हक्क म्हणता, पण कुठल्या गरिबाचा? चारही सुन्नी पंथांच्या बहुतेक शास्त्रींचे मत असे की जकात मुसलमानालाच द्यावी. आजच्या मानवतावादी मदतीचा पहिला नियमच हा की गरज तेवढी पाहायची. जखमीचा धर्म, जात, देश विचारायचा नाही. आपल्याच माणसांपुरता हक्क हा जातपंचायतीच्या फंडासारखा असतो. त्याला चांगले म्हणा, पण त्याला मानवतेचे नाव देऊ नका.

उत्तरपक्ष : युक्तीबद्दल आधी एक वाक्य. 'खरा इस्लाम' कोणता हे मी ठरवत नाही. मी एवढेच म्हणतो की ज्या नियमावर बोट ठेवून दात्याला जाब विचारता येतो तो नियम परंपरेत लिहिलेला आहे, आणि सुधारणेला तेवढा आधार पुरतो. आता मोठा प्रश्न. हा तुमचा सर्वांत सबळ आक्षेप आहे. बहुसंख्य शास्त्रींचे मत तुम्ही सांगितलेत तेच आहे. त्याचा आधार म्हणजे पैगंबरांनी मुआज बिन जबल यांना येमेनला पाठवताना दिलेली सूचना: त्यांच्यातल्या श्रीमंतांकडून घ्यावे आणि त्यांच्यातल्या गरिबांना द्यावे. 'त्यांच्यातल्या' म्हणजे मुसलमानांतल्या, असा अर्थ लावला गेला. पण याच सूचनेतून दुसरा अर्थही निघतो आणि तोही शास्त्रींनी काढला आहे: जिथली वसुली तिथेच वाटप, गावचे पैसे गावच्या गरिबाला. आठ वर्गांच्या आयतीत गरिबाचा धर्म सांगितलेला नाही. ७६व्या सूरेत अनाथ आणि गरजूबरोबर कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची वाखाणणी आहे, आणि त्या काळचा कैदी म्हणजे बहुधा शत्रुपक्षाचा, अन्यधर्मी माणूस.

याहून बोलका दाखला अबू युसुफ यांच्या 'किताब अल-खराज'मध्ये आहे. हे हनफी पंथाचे मोठे शास्त्री, आणि हे पुस्तक त्यांनी आठव्या शतकाच्या अखेरीस खलिफा हारून अल-रशीदसाठी लिहिले. त्यात कथन आहे की दुसरे खलिफा उमर यांना एक म्हातारा, आंधळा भिकारी दिसला. चौकशी केली तेव्हा तो यहुदी निघाला. जिझिया कर, गरज आणि वय यांनी त्याला दारोदार आणले होते. उमर यांनी त्याला घरी नेले, काही दिले, आणि खजिनदाराला बजावले की याची आणि याच्यासारख्यांची सोय लाव, याच्या तरुणपणी कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचे हा न्याय नव्हे. त्याचा जिझियाही माफ केला. हे करताना त्यांनी आठ वर्गांच्या त्याच आयतीचा आधार घेतला: 'फकीर' म्हणजे मुसलमान गरीब आणि 'मिस्कीन' म्हणजे ग्रंथधर्मीयांतला हा माणूस. हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांचेच शिष्य झुफर यांनी मुस्लिम राज्यातल्या अन्यधर्मीय गरिबाला जकात देता येते असे मत मांडले. ते अल्पमतात राहिले. पण अल्पमत का राहिले, हेही पाहा. तेव्हाचे राज्य धर्मावर उभे होते. मुसलमानाकडून जकात, इतरांकडून जिझिया, आणि दोन्हींचे हिशेब वेगळे. ते राज्य गेले, जिझिया गेला. ज्या रचनेत ती मर्यादा बसवली होती ती रचना उरलेली नाही. तेव्हा उमर यांनी लावलेला अर्थ पुन्हा पुढे आणायला वाट मोकळी आहे, आणि तो आणावा असे मला ठामपणे वाटते.

लोकांनी तर शास्त्रींची वाट न पाहता तो आणला आहे. २०२० च्या रमजानमध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीचे ३६ लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य पद्धतीने त्याचे लोकार्पण केले. पुढच्या वर्षीच्या लाटेत नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी रुग्णालयांना ऑक्सिजन पोचवण्यावर सुमारे ८५ लाख खर्च केले, परतफेड नाकारली आणि हा पैसा आपली जकात असल्याचे सांगितले. सीमेपलीकडे पाहा. काठेवाडातल्या बांटवा गावी जन्मलेले आणि फाळणीनंतर कराचीत गेलेले अब्दुल सत्तार ईधी यांनी लोकांच्या जकातीवर आणि देणग्यांवर रुग्णवाहिकांचे केवढे तरी जाळे उभे केले. केंद्रांबाहेर पाळणे ठेवले, की नकोसे मूल उकिरड्यावर न टाकता त्यात ठेवावे. बेवारस प्रेते त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतली. रुग्णवाहिकेत हिंदू-ख्रिस्ती का घेता, म्हणून काही मौलवींनी त्यांच्यावर टीका केली. ८ जुलै २०१६ रोजी ते गेले तेव्हा त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला गेला. तुमचा जातपंचायतीचा फंड असा वागत नाही.

पूर्वपक्ष : इचलकरंजीचे उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. हिंदुस्थानातले बहुतेक मुसलमान हनफी. हनफी शास्त्रात जकात फिटायला 'तमलीक' लागते, म्हणजे रक्कम गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे. दवाखान्यातली खाट रुग्णाच्या मालकीची होत नाही. म्हणजे इचलकरंजीकरांनी शास्त्राबाहेर जाऊन चांगले काम केले. श्रेय त्यांच्या माणुसकीचे, तुमच्या शास्त्राचे नाही. आणि हे शास्त्र पाळायचे म्हटले की काय होते? मदरशाला इमारत बांधायची असते, जकात तर इमारतीला चालत नाही. मग 'हीला' करतात. एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हातात रक्कम ठेवायची, तो क्षणभर मालक झाला असे मानायचे, आणि त्याने ती मदरशाला 'स्वखुशीने' परत द्यायची. हक्काची भाषा करता ना? इथे हक्कदार म्हणजे एक अंगठा.

उत्तरपक्ष : हीला ही लबाडी आहे. ज्या मुलाला पैसे परत न देण्याची मोकळीक नाही, तो क्षणभरही मालक झालेला नसतो. यावर माझा तुमच्याशी वाद नाही. पण ज्या नियमाला बगल देण्यासाठी ही लबाडी करावी लागते, तो नियम नीट समजून घ्या, कारण मला जकातीच्या सगळ्या शास्त्रात तोच सर्वांत मोलाचा वाटतो. तमलीकचा अर्थ असा की गरिबाच्या वतीने तुम्ही ठरवायचे नाही. त्याला भिंत बांधून दिली, फलक लावला, जेवणाची पंगत उठवली, एवढ्याने जकात फिटत नाही. पैसा किंवा वस्तू त्याच्या हातात गेली पाहिजे आणि तिचे काय करायचे हे त्याने ठरवले पाहिजे. विसाव्या शतकातली आंतरराष्ट्रीय मदत याच्या अगदी उलट चालली. दूरच्या कार्यालयात कोणी तरी ठरवायचे की निर्वासिताला कुठले पीठ, कुठले तेल, कुठले घोंगडे लागते. निर्वासित त्यातले अर्धे बाजारात विकून औषध किंवा मुलाची वही घ्यायचा. आता कुठे मदतसंस्था थेट रोख रक्कम देण्याकडे वळल्या आहेत, आणि घेणाऱ्याला आपली गरज कळते हा त्यामागचा मोठा धडा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१९ मध्ये जकातीसाठी वेगळा निधी सुरू केला तेव्हा त्याला फतव्यांचा आधार घ्यावा लागला, आणि जकातीची सगळी रक्कम पात्र कुटुंबांपर्यंत पोचवण्याचे बंधन त्याने स्वीकारले. लेबनॉन-जॉर्डनमधल्या सीरियन आणि देशातच विस्थापित झालेल्या येमेनी कुटुंबांना त्यातून रोख मदत जाते. तमलीक हा शब्द त्या उच्चायुक्तालयात कोणी वापरत नसेल, पण कल्पना तीच आहे आणि तिला हजार वर्षे झाली.

मग दवाखान्याचे काय? त्या आयतीचे व्याकरणच इथे मदतीला येते. आठांपैकी पहिल्या चार वर्गांआधी मालकी दाखवणारे 'लाम' हे अक्षर आहे. पुढच्या चारांना 'फी', म्हणजे 'त्या कामी'. फकिराला द्यायचे ते त्याचे. गुलाम सोडवण्याच्या कामी, अल्लाहच्या मार्गाच्या कामी खर्चायचे ते मात्र कामाचे. 'अल्लाहच्या मार्गात' याचा अर्थ जुन्या शास्त्रींनी मुख्यतः युद्धापुरता घेतला, पण विसाव्या शतकात अल-अझहरचे प्रमुख झालेले शेख महमूद शलतूत यांच्यासारख्यांनी तो सार्वजनिक हिताच्या कामांपर्यंत, रुग्णालयांपर्यंत नेला. इचलकरंजीचा अतिदक्षता विभाग या अर्थात बसतो. महामारीत श्वास अडकलेल्या माणसाला रोख रक्कम देऊन उपयोग नव्हता. त्याला ऑक्सिजनची खाट हवी होती. तरीही हा अपवाद आणीबाणीपुरता राहावा, असे मी म्हणेन. इमारतींची भूक कधी भागत नाही, आणि ती जकातीवर सुटली तर विधवेच्या हातात पडायचे ते पैसे गिलाव्यात जातील. संस्था उभारायला इस्लाममध्ये वेगळी थैली आहे, ती म्हणजे वक्फ, धर्मकार्यासाठी कायमची लावून दिलेली मालमत्ता. दमास्कसला नूरुद्दीनने ११५४ मध्ये उभारलेले रुग्णालय आणि कैरोला कलावूनने १२८४ मध्ये उभारलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चालत. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रम सुलतान हिने १५५२ च्या सुमारास जेरुसलेममध्ये जे अन्नछत्र घातले त्याच्या खर्चासाठी पॅलेस्टाइनमधल्या अनेक गावांचे उत्पन्न लावून दिले, आणि ती चूल राजवटी बदलल्या तरी विसाव्या शतकातही पेटती होती. जकात माणसाच्या हातात, वक्फ संस्थेच्या पायात, सदका मन सांगेल तिथे. या तीन थैल्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

पूर्वपक्ष : नियम गरिबाच्या बाजूचे आहेत असे तुम्ही म्हणता. मग निसाबचे, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेचे, पाहा. आपल्याकडचा हिशेब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. एके काळी दोन्हींची किंमत सारखी होती. आज चांदीचा निसाब सोन्याच्या मानाने अगदीच किरकोळ झाला आहे. ज्या बाईकडे नवऱ्यामागे उरलेले दोन तोळ्यांचे मंगळसूत्र, म्हणजे लच्छा, आणि थोडी रोकड आहे, ती चांदीच्या हिशेबाने 'श्रीमंत' ठरते. तिने जकात द्यायची, आणि तिला जकात घेता येत नाही!

उत्तरपक्ष : हा आक्षेप मला निरुत्तर करतो, निदान सध्याच्या रिवाजापुरता. चांदीचे माप धरण्यामागे हनफींचे एक सुंदर तत्त्व आहे: दोन मार्गांत शंका असेल तर गरिबाला अधिक लाभाचा मार्ग धरा. माप खाली आले की देणारे वाढतात, म्हणून चांदी. पण जगाचा बाजार बदलला आणि त्याच मापाने गरीबच दात्यांच्या रांगेत जाऊन बसला. तेव्हा तत्त्व राखायचे असेल तर माप बदलले पाहिजे. निदान कोण घेऊ शकतो हे ठरवताना राहते घर, उपचार, मुलांचे शिक्षण, डोक्यावरचे कर्ज हे सगळे धरून गरज मोजली पाहिजे. गरिबाला लाभ होईल तसे करा, हे वाक्य शास्त्रींचेच आहे. त्यांनी ते आज चांदीच्या भावाशी ताडून पाहावे.

पूर्वपक्ष : आणि हक्कच असेल तर तो सरकारने वसूल करावा. पाकिस्तानने केलेच ना?

उत्तरपक्ष : केले, आणि म्हणूनच तो मार्ग मी सुचवणार नाही. जून १९८० मध्ये जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीने जकात आणि उश्र (पिकाचा दहावा हिस्सा) अध्यादेश काढला. रमजानच्या पहिल्या दिवशी बँकांतल्या बचत खात्यांतून शेकडा अडीच परस्पर कापले जाऊ लागले. शिया समाजाचे शास्त्र वेगळे. त्यांच्यात अशी वसुली सरकारला देण्याची रीत नाही. जुलैत इस्लामाबादेत त्यांनी प्रचंड निदर्शने केली आणि सरकारला माघार घेऊन त्यांना सूट द्यावी लागली. बाकीच्यांनी दुसरी वाट काढली: रमजान लागण्याआधी खात्यातून पैसे काढून घ्यायचे आणि चंद्र दिसून गेला की परत भरायचे. हे लोक कंजूष होते असे नाही. यातले कितीतरी जण तीच रक्कम स्वतःच्या हाताने गरिबाला देत होते. त्यांचा विश्वास नव्हता तो सरकारी हातावर. उमर यांच्या काळात लोक खलिफाला भर सभेत कपड्याच्या तुकड्याचा हिशेब विचारत, अशी परंपरेत कथा आहे. लष्करी राजवटीला तसा हिशेब कोण विचारणार? हक्काला वसुलीपेक्षा हिशेब अधिक लागतो. भारतात जकात गोळा करणारी सरकारी यंत्रणा नाही, ती नसावीच, पण त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या टोकाचा दोष आला आहे. रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन फिरणारे सफीर, म्हणजे संस्थांचे वसुली प्रतिनिधी, त्यातले काही कमिशनवर काम करणारे, आणि पावती फाडली की दात्याची संपणारी जबाबदारी. अशा कमिशनला अनेक मुफ्तींनीही नाजायज ठरवले आहे. देणे फेडताना आपण पैसे योग्य माणसाला पोचल्याची खात्री करतो. सवाबाच्या घाईत ही खात्री सुटते.

पूर्वपक्ष : आणि तो पैसा बंदुकीपर्यंत गेला तर?

उत्तरपक्ष : गेला असेल तर कायद्याने शिक्षा व्हावी. अमेरिकेत 'होली लँड फाउंडेशन' ही संस्था डिसेंबर २००१ मध्ये बंद केली गेली आणि २००८ मध्ये तिच्या चालकांना याच आरोपावरून दोषी ठरवले गेले. पण संशयालाच धोरण केले की काय होते तेही पाहा. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियाच्या काही भागांत दुष्काळ जाहीर केला. तिथे अल-शबाब या सशस्त्र गटाचा ताबा. एकीकडे अल-शबाबने मदतसंस्थांना हाकलले. दुसरीकडे अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धाकाने मदतीचा ओघ आटला, कारण धान्याचे पोते चुकून त्यांच्या हाती पडले तर मदत करणाराच गुन्हेगार. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले. त्या दिवसांत इस्लामी सहकार्य संघटनेने मोगादिशूत मुस्लिम मदतसंस्थांची एक आघाडी उभी करून, जिथे इतरांना पोचता येत नव्हते तिथे अन्न पोचवले. श्रद्धेच्या ओळखीमुळे त्यांना काही दारे उघडी मिळाली. संशयावर उपाय म्हणजे उघडी वही; दार बंद करण्याने उपाशी माणूस मरतो.

पूर्वपक्ष : शेवटचे विचारतो. हे सगळे मान्य केले तरी गरिबी जात नाही. शेकडा अडीचने कुठले विषमतेचे डोंगर हलणार?

उत्तरपक्ष : नाही हलणार. जकातीने गरिबी संपते असे जे सांगतात त्यांच्याशी मी सहमत नाही; त्याला जमीन, रोजगार, शाळा आणि न्याय्य करव्यवस्था लागते. पण जकातीमागची कल्पना त्या सगळ्याच्या आड येत नाही, उलट त्याला पाठबळ देते. हिजरी सन १८, म्हणजे ६३९ च्या सुमारास अरबस्तानात भयंकर दुष्काळ पडला. 'राखेचे वर्ष' म्हणून तो ओळखला जातो. उमर यांनी सीरिया आणि इजिप्तच्या सुभेदारांकडून धान्याचे काफिले मागवले, मदिनेत हजारोंना जेवू घातले, आणि परंपरा सांगते की दुष्काळ सरेपर्यंत स्वतः तूप-मांसाला शिवले नाहीत. त्याच काळात त्यांनी चोरीबद्दल हात तोडण्याची शिक्षा थांबवली. उपाशी माणसाने घेतलेल्या घासाला चोरी म्हणण्याचा अधिकार त्याचे देणे थकवणाऱ्या समाजाला नाही, असा मी या निर्णयाचा अर्थ लावतो. ज्या कायद्याला हे कळले, त्याचे आजचे वारस फाटकाशी रांग लावून नोटा वाटतात तेव्हा माझा जीव तुटतो.

म्हणून जकात देणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे. येत्या रमजानमध्ये पावती घेताना एवढे विचारा: मागच्या वर्षी मी दिलेले पैसे कोणत्या गरजेसाठी, कोणाच्या हातात पडले? नावे मागू नका, गरिबाची अब्रू झाकलेलीच राहू द्या. पण आकडे मागा. किती आले, किती कुटुंबांना गेले, किती कर्जे फिटली, वसुलीवर किती खर्च झाला. हा हिशेब मशिदीच्या फलकावर ईदच्या आधी लागला पाहिजे. आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या भिंतीला भिंत लागून, दुसऱ्या धर्माचा कोणी कर्जात बुडालेला असेल, तर त्याचे नाव यादीत घाला. उमर यांनी त्या आंधळ्या म्हाताऱ्याचे घातले होते.